बॅटरीच्या गाडीवर आत्या आणि मी

आत्या, गाडी खाली पार्किंगमध्ये उभी आहे. सीटवर धूळ साचलीय. बॅटरी मात्र वर, पलंगाशेजारी, पूर्ण भरलेली आहे, कारण हे, म्हणजे तुमचा लेक दत्ता, ती रोज न चुकता चार्जिंगला लावतात. "असू दे भरलेली," म्हणतात. मी ऐकते आणि स्वयंपाकघरात जाते.

तुम्हाला जाऊन अजून महिनासुद्धा झाला नाही. लोक भेटायला येतात. बायका माझा हात हातात घेतात आणि सगळ्या एकच म्हणतात, "सुटल्या बाई. चालत्याबोलत्या गेल्या, कुणाची सेवा घेतली नाही, सुटल्या." मला त्या शब्दाचा राग येतो. सुटणं म्हणजे काय ते तुम्ही मला जिवंतपणी दाखवलं होतं. आंबेठाण ओलांडलं की कंटेनरांचा आवाज मागं पडायचा, रस्ता बारीक व्हायचा, आणि तुम्ही मागच्या सीटवरून माझ्या पाठीत बोट खुपसून म्हणायच्या, "आता पळव." पळवणार किती? लायसन्ससुद्धा लागत नाही इतक्या बेताच्या वेगाची ती गाडी. शाळेची सायकलवाली पोरं आपल्याला हात करून पुढं निघून जायची. तरी तुम्ही दर वेळी म्हणायच्या, पळव.

तुम्ही परभणीकडचं घर बंद करून आमच्याकडं राहायला आलात, तेव्हा मी कशी होते ते तुम्हालाच ठाऊक. चाकणच्या चौकात कंटेनरनं ह्यांच्या मोटारसायकलला धक्का दिला आणि कमरेखालचं शरीर गेलं, त्याला तेव्हा काही वर्षं झाली होती. मेदनकरवाडीतला तिसरा मजला, लिफ्ट नाही. दोन खोल्या. खिडकीतून समोरच्या कंपनीच्या शेडचे पत्रे दिसायचे, उन्हाळ्यात त्यांच्याकडं बघवायचं नाही. हे पलंगावर लॅपटॉप घेऊन वर्कशॉपवाल्यांची बिलं करायचे, मी कंपनीतली नोकरी सोडून दाराशी मशीन टाकून ब्लाउज शिवायची. एकदा मी भाजी आणायला गेले होते आणि हे स्वतःच खुर्चीत बसायला गेले, ते खाली पडले. मी येईपर्यंत फरशीवर. तेव्हापासून मी बाहेर जायचंच बंद केलं. दुकानवाला सामान वर पाठवायचा, औषधं शेजारची आणायची. मी दाराबाहेर चपला ठेवत होते, पण त्या पायात घालत नव्हते.

तुम्ही आठवडाभर नुसतं बघितलंत. मग एका दुपारी विचारलंत, "सुषमे, तू भाईर कव्हापासून गेली नाईस?"

"जाते की आत्या. गच्चीवर कपडे वाळत घालायला."

"गच्ची भाईर असती व्हय?"

गाडी घ्यायची कल्पना ह्यांची. फोनवर शोधून, वापरलेली, चांगल्या स्थितीतली गाडी ह्यांनीच ठरवली, म्हणाले औषधाला सोपं पडेल, बॅटरी काढून वर आणून चार्ज करता येते. मी कॉलेजात असताना मामाची मोपेड चालवलेली, त्यामुळं चार दिवसांत हात बसला. आणि पहिल्यांदा औषधाला निघाले तर तुम्ही पदर खोचून खाली उभ्या. औषधं घेतली. मी गाडी घराकडं वळवायला लागले.

"म्होरं काय हाय?" तुम्ही विचारलंत.

"आंबेठाण."

"आन् त्याच्या म्होरं?"

"करंजविहिरे. मग धरण आहे म्हणतात. मी नाही बघितलं."

"मग चल की."

"अहो आत्या, घरी हे एकटे!"

"त्याला फोन लाव."

मी लावला. हे म्हणाले, "जा की. पाणी आहे, फोन आहे, खालच्या वहिनींना हाक मारली तर ऐकू जातं." तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात, तो ओझं टाकल्यासारखा जड होता, आणि म्हणालात, "त्याची माय मी हाय. मी म्हणायले, चल."

ही गोष्ट मला तुम्ही गेल्यावर कळली, आत्या. तुम्ही बरोबर असायच्या म्हणून ते सोडून जाणं नव्हतं. ह्यांना काही झालं असतं तर ते तुमच्या नावावर गेलं असतं. आईनं नेलं, बाई. आता मी एकटी दोन तास बाहेर पडले आणि काही झालं तर ते बायकोनं केलं म्हणतील. गाडी तीच आहे, रस्ता तोच आहे, बॅटरी भरलेली आहे. मला परवानगी देणारं माणूस तेवढं नाही, आणि ती स्वतःची स्वतःला देता येते हे तुम्ही मला शिकवलंच नाही. की शिकवत होतात आणि मला कळलं नाही?

पहिल्या उन्हाळ्यात आपण जवळजवळ रोज सकाळी गेलो. ह्यांचं अंग पुसून, नाश्ता देऊन, ऊन चढायच्या आत. आंबेठाणच्या रस्त्याला सकाळी कंपनीच्या बसगाड्या आणि कंटेनर एकमेकांना अडवून उभे असायचे. मी मातीच्या कडेनं गाडी काढायची, तुम्ही पाय उचलून धरायच्या. मग कंपन्यांच्या भिंती संपायच्या. एकदम नांगरलेली रानं, कांदा झाकून ठेवलेल्या आरणी, बांधावर पिवळाधमक बहावा. काटेसावरीचा कापूस रस्त्यावर उडत यायचा आणि तुमच्या केसांत अडकायचा. भामचंद्राचा डोंगर एका बाजूला आपल्याबरोबर चालायचा. पुढची चढण आली की गाडी दोघींना घेऊन रडायला लागायची. मग तुम्ही उतरून चालायच्या, आणि दर वेळी माझ्या आधी वर पोचून कमरेवर हात ठेवून उभ्या.

वर एक बाई करवंदांची पाटी घेऊन बसायची. तिनं पहिल्याच दिवशी चौकशी केली.

"कुठल्या म्हनायच्या तुमी?"

"परभणीकडल्या. ही माझी सून."

"आगं बया, सासू-सून, आन् दोघी गाडीवं? घरला कोन हाय मंग?"

"लेक हाय," तुम्ही करवंद तोंडात टाकत म्हणालात. "त्यो घर राखतो."

मला हसू फुटलं. इतकं की गाडी स्टँडवर लावून मी खाली बसले. त्या बाईला काही कळेना. हसता हसता मी रडायला लागले, ते थांबेना. तुम्ही तिला म्हणालात, "बसू द्या तिला. लई दिसांचं हाय." आणि तिच्याशी कांद्याचं, पावसाचं, तिच्या गुडघ्याचं बोलत राहिलात, मी तिथं नसल्यासारखं. असं माणसाला रडू देणं फार कमी जणांना जमतं, आत्या. मी तेव्हा तुम्हाला काहीच म्हणाले नाही. आज म्हणते.

त्याच उन्हाळ्याच्या शेवटी तुम्ही हट्ट धरलात की मला चालवायची. धरणाच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्यावर मी मागं धरून धावत होते आणि तुम्ही ओरडत होतात, "सोड गं, सोड!" मी सोडली आणि तुम्ही सरळ करवंदीच्या जाळीत. हातापायांना ओरखडे, पातळ फाटलेलं. मी घाबरून धावत आले तर तुम्ही जाळीत बसल्या बसल्या करवंदं तोडत होतात. "आता पडलेच हाय तर," म्हणालात. पुढच्या वर्षी मात्र सपाटीवर तुम्ही चालवायच्या आणि मी मागं बसायची. तुम्ही हॉर्न फार वाजवायच्या. रिकाम्या रस्त्यावर, झाडांना, बगळ्यांना.

घरी आलो की हे विचारायचे, "आज काय बघितलंत?" मी चहा टाकायला जायची आणि तुम्ही पलंगाच्या कडेला बसून सांगायच्या. पाणी किती मागं सरलं, कुणाची गाय व्यायली, कुठल्या आंब्याला पाड लागला. तुम्ही त्यात पदरचंही घालायच्या, मला आतून ऐकू यायचं. हे ऐकायचे, हसायचे. कधी कधी मात्र तुमचं सांगणं अर्ध्यावर असताना हे भिंतीकडं तोंड फिरवायचे. तुम्ही थांबायच्या नाहीत. भिंतीकडं वळलेल्या माणसालाही सांगत राहायच्या.

आणि मग ती बॅटरीची सकाळ आली. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यातली. मी बॅटरी उचलून निघाले तर ती रिकामी. ती लावायचं काम ह्यांचं, पलंगाशेजारीच बटण.

"अहो, लावली नाहीत?"

"राहिली," हे म्हणाले. फोनवरून नजर न उचलता. "आज नका जाऊ."

"कामून?" तुम्ही विचारलंत.

"असंच."

तुम्ही भांडला नाहीत. बॅटरी लावलीत, खुर्ची ओढलीत आणि ह्यांच्या समोर बसून राहिलात. सकाळ गेली, मी स्वयंपाक उरकला, जेवणं झाली. तुम्ही आणि हे एकमेकांसमोर तसेच. चार्जरचा लाल दिवा हिरवा झाला तेव्हा बाहेर उन्हानं पत्रे तडतडत होते. तुम्ही उठलात. "चल गं."

"आई, ऊन लागेल," हे म्हणाले.

"लागू दे," तुम्ही म्हणालात.

त्या दिवशी धरणाच्या काठाला चिटपाखरू नव्हतं. आपण जांभळाखाली बसलो. तुमचा चेहरा तापून लाल झाला होता. मी ओला रुमाल दिला, तो तुम्ही नुसता हातात धरलात आणि म्हणालात, "सुषमे, तू जाय."

मला वाटलं, पाण्याकडं जा म्हणताय.

"इथून न्हवं. त्या घरातून जाय. अजून उमर हाय. दत्तूला मी बघते."

"तुमचा मुलगा आहे तो आत्या!"

"हाय. म्हणूनच म्हणायले. मी जन्म दिलाय त्याला, तू नाई दिला. माझं मला निस्तरू दे."

मग तुम्ही पहिल्यांदा तुमच्या सासूबाईंचं सांगितलंत. त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा तुम्ही नवी नवरी होतात, आणि त्या गेल्या तेव्हा हे शाळेत जायला लागले होते. घरापासून विहीर आणि विहिरीपासून घर, एवढंच तुमचं जग. "सासू वाईट नव्हती," तुम्ही म्हणालात. "लई मायेची. पण मला कुणी एकदाबी इचारलं नाई, बाई, तुला कुठं जायचंय का. म्हणून मी तुला इचारायले. कंपनीत जात होतीस ना आधी? पुन्हा जाय. दिसभर भाईर राह्य. मंग बघ, माघारी यावं वाटतं का. नाई वाटलं तर नको येऊ."

मी चिडले. का चिडले ते मला आजही नीट सांगता येत नाही. तुम्ही माझ्या मनातलं बोललात म्हणून, की तुम्ही बोललात त्यामुळं ते आता खरं झालं म्हणून. मी म्हणाले, "आणि उद्या तुम्ही नसलात तर? मग कोण बघेल त्यांना?"

तुम्ही हसलात. "मी मेल्यावरचं मला कामून इचारायलीस? तवाचं तू बघ."

परतताना तुमचं बोट पाठीत आलं नाही. घरी पोचलो तर ह्यांनी विचारलं, "काय बघितलंत?" आणि तुम्ही, भर उन्हातून आलेल्या, कोरड्या पडलेल्या ओठांनी त्यांना मोराचं सांगितलंत. वरच्या वळणावर पिसारा फुलवून रस्त्यात उभा होता म्हणे, तिथं रोज असतो म्हणे. एवढं खोटं तुम्ही इतक्या प्रेमानं बोललात की मला तुमचा रागही धरता येईना.

त्यानंतर तो विषय तुम्ही काढला नाहीत आणि मीही नाही. ह्यांनी बॅटरी परत कधी रिकामी ठेवली नाही. आपण जातच राहिलो. पण त्या जांभळाखाली तुम्ही विचारलेलं तसंच पडून होतं, आणि मला वाटायचं, देऊ कधीतरी उत्तर, घाई काय आहे.

या वर्षीचा उन्हाळा नुकता लागला होता. तुम्ही सकाळी भाकरी बांधत होतात आणि ओट्याला टेकलात. म्हणालात, छातीवर कुणी बसलंय. घाम आला. ह्यांनी पलंगावरूनच रुग्णवाहिकेला फोन केला, ती आलीही लवकर. मी तुमच्याबरोबर बसले. आणि चौकात आपण अडकलो. पुढं कंटेनर, मागं कंटेनर, शेजारी कंपनीच्या बसगाड्या. सायरन वाजत होता आणि कुणाला हलायला जागाच नव्हती. ड्रायव्हर खाली उतरून हात जोडत फिरत होता. बसमधली पोरं खिडकीतून बघत होती, त्यांच्या तोंडावरही तेच, काय करणार. मी तुमचे तळवे चोळत होते. तुम्ही मागच्या काचेतून बाहेर बघितलंत आणि अगदी हळू, पण स्वच्छ म्हणालात, "आपली गाडी आणायची व्हती. कडंकडंनं गेलो असतो."

मी म्हणाले, "हो आत्या."

मग तुम्ही डोळे मिटलेत. गाडी सरकली तेव्हा मी अजून तळवे चोळतच होते.

तुमच्या दत्ताला आम्ही खाली आणलं, आत्या. ह्यांचे जुने मित्र आणि शेजारचे मिळून खुर्चीला दोर बांधून तीन मजले उतरवलं. हे इतक्या वर्षांत दवाखान्याखेरीज पहिल्यांदाच खाली आले होते. अग्नी ह्यांनीच दिला, खुर्चीत बसून. पुन्हा वर आणलं, पलंगावर ठेवलं, आणि हे कितीतरी दिवस बोलले नाहीत. नातेवाईक म्हणाले, अस्थी आळंदीला सोडा, जवळ आहे, सगळी सोय आहे. तेव्हा ह्यांचं पहिलं वाक्य आलं. "धरणावर. आणि मी येणार."

त्यासाठी माणसं आणि टेम्पो जमेपर्यंत दिवस गेले. अस्थींचं गाठोडं मारुतीच्या देवळामागच्या झाडाला बांधलेलं होतं. काल रविवारी निघालो. ह्यांची खुर्ची टेम्पोत पक्की बांधली, मी शेजारी उभी. आंबेठाण मागं पडलं तसे हे मान वळवून वळवून बघायला लागले. मला काही दाखवावं लागलं नाही. "हीच ती चढण?" "ही करवंदीची जाळी, आई पडली ती?" तुमच्या सांगण्यावरून ह्यांना सगळा रस्ता पाठ होता. वरच्या वळणावर टेम्पो हळू झाला तेव्हा हे इकडंतिकडं शोधायला लागले.

"इथं मोर असतो ना? आई म्हणायची, रोज असतो."

तिथं कधीच मोर नव्हता, आत्या.

"आज नाहीये," मी म्हणाले.

काठाला चौघांनी खुर्ची उचलून पाण्याजवळ नेली. अस्थी ह्यांनी सोडल्या. मग ते चौघं टेम्पोकडं गेले, बिड्या ओढायला की आम्हाला एकटं सोडायला, देव जाणे. हे पाण्याकडं बघत होते.

"आई तुला काय म्हणाली होती ते मला माहितीय," हे म्हणाले. "तिनं त्याच संध्याकाळी मला सांगितलं. म्हणाली, मी तिला जा म्हणलंय, तू आडवा येऊ नको."

वर्षभर हे माणूस ते पोटात ठेवून रोज बॅटरी लावत होतं.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"भिंतीकडं तोंड केलं." मग म्हणाले, "कंपनीत विचार. पहिली शिफ्ट मागून बघ."

"तुम्ही दिवसभर एकटे राहणार? पडलात तर?"

"पडलो तर खालच्या वहिनींना हाक मारीन. तूच बघत असतेस मी पडतो का म्हणून. मला त्याचाही कंटाळा आलाय, सुषमा."

इतक्या वर्षांत मला कधी सुचलं नव्हतं, आत्या, की त्या दोन खोल्यांत माझ्या नजरेखाली हेही कोंडले गेले असतील.

"विचारीन," मी म्हणाले.

"आणि संध्याकाळी परत यायचं की नाही, ते..." मग माझ्याकडं न बघता विचारलं, "येशील?"

खोटं बोलता आलं असतं. मोराचं बोलले होते की नुकतीच. पण तुम्ही तिथं पाण्यात होतात, आणि हा प्रश्न आधी तुमचा होता. मी म्हणाले, "माहीत नाही."

मला वाटलं, हे मान फिरवतील. फिरवायला तिथं भिंत नव्हती. ह्यांनी नुसती मान हलवली. मग म्हणाले, "मला जरा पुढं घे. पायांना पाणी लागेल इतकं."

मी खुर्ची ढकलली. चाकं चिखलात रुतली, पुन्हा जोर लावला. ह्यांच्या चपला काढल्या, पँट दुमडली आणि एकेक पाऊल उचलून पाण्यात ठेवलं. हे खाली वाकून आपल्याच पावलांकडं बघत होते, पाणी त्यांच्यावरून जात होतं.

"गार आहे का?" ह्यांनी विचारलं.

मी माझ्याही चपला काढल्या आणि पाण्यात उतरले.

"गार आहे," मी म्हणाले.